दोन पावलं पुढे

चोबे नदीकाठच्या लॉजवर पहिल्याच संध्याकाळी
नियम सांगितला गेला:
अंधार पडला की तंबूतून एकट्यानं निघायचं नाही.
शिट्टी वाजवा, चौकीदार येईल बॅटरी घेऊन
आणि दोन पावलं पुढे चालेल.

बाबा ती शिट्टी हातात फिरवत राहिले.
"बत्तीस वर्षं देवलापार रेंजमधी हेच काम केलं म्या.
मले कोनी शिट्टी देल्ली नाही."

माझी नऊ वर्षांची आरडी, वर पतपेढीचं कर्ज,
आणि भाडं त्यांच्यापासून लपवलेलं.
तरी तिसऱ्या दिवशी हिशेब त्यांनी काढलाच.
"एका रातीचे एवढे?
एवढ्यात आमच्या कॅम्पच्या बोअरले पंप बसला असता."
मग तांब्याच्या टबात पाय सोडून बसले
आणि पाणी थंड होईपर्यंत उठले नाहीत.

जीपमध्ये त्यांना नीट बसताच येईना.
सीटवर बसायचं ते साहेबांनी,
गार्डनं मागे दांडा धरून उभं राहायचं,
हे गुडघ्यांना अजून पाठ.
गाइडनं बिबट्याचा माग दाखवला
तसे हे न विचारताच खाली उतरले,
वाळूत टेकले, हवेतच बोटानं कड गिरवली,
जशी गणनेच्या दिवसांत काचेवर गिरवायचे.
"मादी हाय. मागचा डावा पाय दुखते तिचा."
मी भाषांतर केलं.
गाइड पुन्हा वाकला, या वेळी जरा जास्त वेळ.

संध्याकाळी बोटीतून पाहिलं:
सोंडा वर धरून हत्ती नदी ओलांडत होते,
पलीकडे दुसरा देश.
विमानतळावर बाबांना तीन वेळा चष्मा काढायला लावला होता.
"यायले कोन इचारते," एवढंच म्हणाले.

रात्री दोनला जाग आली, शेजारची खाट रिकामी.
माझ्या छातीत धस्स झालं.
पडद्याच्या फटीतून दिसली शेकोटी,
चौकीदार मोथुसी, आणि त्याच्या लाकडी स्टुलावर
डोमाजी नेवारे, सेवानिवृत्त वनरक्षक.
मध्ये संत्रा बर्फीचा उघडा डबा.
याला इंग्रजी येत नाही, त्याला मराठी,
तरी काठीनं राखेत पंजे उमटत होते,
पुसले जात होते, परत उमटत होते.
पाणघोडा कुबू.
नदी नोका.
सिंह ताऊ, यावर बाबा एवढे हसले
की काठावरून खरा कुबूच खाकरला
आणि दोघंही एकाच क्षणी गप्प झाले,
मान एकाच बाजूला कलती करून.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही नागपुरात परतलो.
कूलरमध्ये बादल्या ओतताना शेजारचे विचारतात,
"काकाजी, सिंह दिसला का?"
"ताऊ? दिसला ना. झोपला होता."
यापुढे ते काही सांगत नाहीत.
मोबाइलमधले चारशे फोटो मी एकटीच पाहते.

आमचंही घर नदीकाठीच आहे तसं.
हिवरीनगर, नागनदीच्या भिंतीला लागून.
खिडकी मात्र त्या बाजूची आम्ही उघडत नाही,
वास येतो.

मेडिकलमधली माझी दुपारपाळी संपते नऊला.
जेवणाच्या डब्यासकट पुलाशी उतरते तेव्हा दहा वाजलेले असतात.
पंचवीस वर्षं मी या गल्लीतून एकटी आले-गेले,
बाबा तेव्हा जंगलात असायचे,
कुणा साहेबाच्या पुढे.
आता पुलाच्या कठड्याशी बॅटरी उभी असते.
"बाबा, दिवे आहेत रस्त्यावर."
ऐकत नाहीत. उजेड जमिनीवर ठेवून चालू लागतात,
दोन पावलं पुढे.
कुत्री उठतात, पाहतात, परत पसरतात.

काल वळणावर हात वर करून थांबवलं मला.
भिंतीखाली पाण्यात काहीतरी हललं, फुसफुसलं.
गोठ्यातून सुटलेली कुणाची तरी म्हैस,
गळ्यापर्यंत त्या काळ्या पाण्यात, डोळे मिटून.
"कुबू," बाबा कुजबुजले.
आणि ती रवंथ पुरी करेपर्यंत
त्यांनी मला हलू दिलं नाही.