दोन नंबरची चावी

अलिबागहून एसटी, पुढे कोटाच्या भगदाडातून पायी.
खिशात अकराशे चाळीस. परतीचे वेगळे,
पाकिटाच्या त्या कप्प्यात, जिथे मी स्वतःसुद्धा
सहजासहजी हात घालत नाही.

रेवदंड्यात समुद्र फुकट.
तटबंदी फुकट, सातखणी फुकट
(तिचे सात खण मोजून भरत नाहीत,
पण नाव कुणी कमी केलेलं नाही).
छप्पर तेवढं विकत.

पहिल्या दारात, "एसी की बिगर एसी?"
दुसऱ्या दारात, "फॅमिली कुठाय?"
एकट्या माणसाकडे लोक असे बघतात
जणू तो कुणाला तरी वाटेत विसरून आलाय.

तिसरं दार लोचना घरतचं.
सुपारीच्या वाडीत, मागच्या अंगाला दोन खोल्या.
भिंत हातभर कोटाच्याच दगडाची,
वर चिरा, त्यावर पत्रा.
"सातशे."
"चारशे."
"पाचशे, नि आंघोलीला गरम पानी. एक बालदी."
"साडेचारशे. अर्धी बालदी."
ती हसली तेव्हा कळलं, सौदा झाला.

मग वही. शाळेची, दोनशे पानी,
पट्टीने आखलेले रकाने : नाव. गाव. कुठे जाणार.
माझ्या वरच्याच ओळीत, डिसेंबरातल्या तारखेला,
इंग्रजी अक्षरांत
नावाच्या जागी : ओलिंदा.
गावाच्या जागी : थियागो.

"बाई होती?"
"नाय रं, चांगला दाढीवाला. ओलिंदा.
आमी सगली ओलिंदाच बोलायचो. ओ द्यायचा बिचारा."

ओलिंदा मी नकाशात पाहिलंय.
ब्राझीलच्या किनाऱ्यावर, टेकडीवरचं जुनं गाव.
रकाने उलटे झाले होते.
मी काही बोललो नाही.

"मराठी येयाची त्याला."
"मराठी?"
"मी चावी बोलले, त्यानं चावी घेतली.
बालदी बोलले, बालदी उचलली.
साबन, मेज, पाव, सगला बरोबर.
मंग मीच बोलत ऱ्हायले आठ दिस, तो ऐकत.
माज्या घोवानं जलमात ऐकला नसंल एवरा.
म्हून त्याला आपल्यातला भाव लावला. साडेतीनशे."

म्हणजे मी मराठी आहे,
हे मला शंभर रुपयांना पडलं.

दोन नंबरला कुलूप नाही.
चावी ओलिंदा घेऊन गेला.
"वाटली असंल घरचीच," ती म्हणाली, आणि कडीला
काथ्याची दोरी बांधून दाखवली, कशी दोन वेढ्यांत बसते.

रात्री डासांची कॉइल, वर पत्र्यावर पडणारी एखादी सुपारी.
उशाशी तो हातभर दगड, पाठ टेकली की गार.
ज्यांनी तो घडवला त्यांना काय रोज पडत असेल,
आणि ज्यांनी घडवून घेतला ते इतक्या लांब येऊन
झोपत तरी कुठे होते पहिल्या रात्री?
काजूची बी तिकडून इकडे आली
तेव्हा तिला कुणी गाव विचारलं नाही.
इथे रुजली, वाढली, आता किलोवर मिळते
आणि मला परवडत नाही.

तिकडे कुठल्याशा टेकडीवर, खुंटीला की खिशात,
या खोलीची चावी असेल.
मी दोरी सोडून पुन्हा बांधली. तीन वेढे.

सकाळी दाराशी बालदी, काठोकाठ.
"अर्धी ठरली होती."
"अर्धी कुठं ओतू? न्हाव गुमान."

न्हालो. वाफेला जळलेल्या झावळ्यांचा वास होता.
केस पुसतापुसता ओसरीवर आलो तर ती हाक मारत होती,
एकदा, दोनदा, कुणाला तरी,
आणि तिसऱ्यांदा माझ्या लक्षात आलं :
"च्या घेतंस का नाय, आटपाडी?"

काल रात्री, कंदिलाएवढ्या बल्बखाली,
नावाच्या रकान्यात मीही गाव लिहिलं होतं.
मुद्दाम की चुकून,
आता सांगता येणार नाही.

"घेतो," म्हटलं.
चहाचे दहा वेगळे लावले तिने.
परतीचे तसेच आहेत.