मोहाखालची दावण

नळ नाही, वीज नाही.
पाटी आहे, तिची अक्षरं उन्हानं खाल्लेली.
नाकेदार उईके सायकल टेकवून सांगून गेला:
पाणी तलावातून आणा, जाळ मोठा करू नका,
रात्री घोड्यांपासून लांब जाऊ नका.
का, ते त्यानं सांगितलं नाही.

गफूरभाईंनी दोन सागांमधे दोर ताणला,
छातीएवढा उंच, मधे जराही न लोंबणारा.
"बाई, गाठ असी मारा का
घोड्याले नाही सुटली पाहिजे,
अन् आपल्याले अंधारात सुटली पाहिजे."
सात वेळा मारली.
सातव्यांदा ते काही बोलले नाहीत,
म्हणजे जमली असावी.

रामटेकला टेम्पोतून उतरल्यापासून
मुन्शी प्रत्येक फाट्यावर थांबत आला.
अठरा वर्षं टांग्याला होता. अजून त्याला वाटतं
मागून कोणीतरी चढेल,
सीताबर्डी म्हणेल.
मी टाच लावायचे, तो एक कान फिरवायचा
आणि आपल्या हिशेबानं सवारी बसली की निघायचा.

रेवडीचं वेगळं.
ती वरातीची. तिच्यावर आजवर बसले ते सगळे
शेरवानीतले, घामेजलेले,
आयुष्यात एकदाच बसलेले.
इथे ढोल नाही, दिव्यांची रांग नाही,
पहिला कोसभर तिला सरळ चालताच येईना.
दोन पावलं पुढे, एक आडवं, नाचरं.
मग झाडी विरळ झाली, खिंडसीचं पाणी दिसलं,
आणि ती नुसती चालू लागली.

संध्याकाळी खरारा केला.
आयाळीतून तीन टिकल्या निघाल्या, जरीचा धागा,
कुणाच्या तरी लग्नातला पिवळा तांदूळ.
तोबऱ्यात चणे, आमच्या ताटात झुणका.
चौघांच्या चावण्याचा आवाज
सगळ्यात मोठा.

रात्री मोह गळत होता.
टप.
मग बराच वेळ काही नाही.
मग टप, टप.
सत्तावीस वर्षं पोस्टात शिक्के मारलेल्या माझ्या कानांना
हा ताल काही केल्या सापडेना.
टॉर्च घेऊन बाहेर आले.

दोराला मुन्शी. त्याच्या शेजारी रिकामं.
माझी गाठ.

दहा पावलांवर, झाडाखाली, रेवडी आडवी.
चारी पाय पसरलेले, मान मातीवर.
मी ओरडलेच. पोटशूळ, साप, काय काय.
गफूरभाई अनवाणी धावत आले,
वाकले, नाकपुडीपुढे तळहात धरला.
तसेच राहिले.
"निजली," म्हणाले.
"मोमिनपुऱ्यात जागा कुठं, बाई?
इकडं भिंत, तिकडं भिंत.
नऊ वर्षं उभीच निजते.
असी निजलेली मीनं बी नाही पाह्यली कधी."

गाठ त्यांनी पुन्हा मारली नाही.
आम्ही दोघं दगडांवर बसलो,
मधे टॉर्च, विझवलेला.
ती एकदा झोपेत पाय हलवून
कुठेतरी जाऊन आली.

सकाळी गवतात तिचा ठसा होता,
अर्धा ऊबदार. मी हात ठेवून पाहिला.
कुशीला मोहफुलं चिकटलेली.
"खरारा करू?"
"राहू द्या. परवा मानेवाड्याले वरात आहे,
तवा करूच."

लीद पसरवली, चूल पाण्यानं विझवली,
दोर गुंडाळला.

मुन्शी पहिल्याच फाट्यावर थांबला.
मी टाच लावली नाही.
चढतंय कोण,
बघू तरी.