बरका, ओळ २१२

गावाचं नाव बरका.
आई फोनवर दरवेळी विचारते, मग कापा कुठल्या गावाला गं?
आणि देवरुखच्या ओटीवर एकटीच हसते.
इथे फणस नाही. खजूर आहेत,
आणि समुद्र, जमिनीखालून चालत
विहिरीपर्यंत आलेला.
पाणी मी आधी जिभेवर घेते, मग मीटरवर.
दोघांचं सहसा एकमत होतं.

संध्याकाळी मोफज्जल आणि मी
मक्याच्या तुऱ्यांना कागदी पिशव्या बांधतो.
पहाटे, ऊन डोक्यावर यायच्या आत,
त्यात साठलेली पिवळी धूळ
कणसाच्या ओल्या केसांवर झटकायची, झाकायची,
तारीख घालायची. पेन्सिलने. शाई दवात पसरते.

आठ पिढ्या यांना स्वतःशीच लावलं.
तुरा त्याचा, कणीसही त्याचंच,
सगोत्राच्याही पलीकडचा प्रकार.
झाडं कमरेएवढी राहिली, पानं निस्तेज,
पण खरी झाली. पोटात काय आहे ते आता लपत नाही.
मग दोन खंगलेल्या घराण्यांची सोयरीक जुळवायची
की पोर निघतं आईबापांच्या डोक्यावरून पाहणारं.
बाबांना हे एकदा समजावलं होतं,
वसईच्या इनासशी लग्न केलं त्याच्या आदल्या वर्षी.
ते म्हणाले, मक्याचं मक्याला सांग.

हा मका मुद्दाम एप्रिलात पेरलेला,
जूनमध्ये फुलावा म्हणून. म्हणजे मरावा म्हणून, आणि
कोण मरत नाही ते कळावं.
सत्तेचाळीस अंश. वाळवंटाकडून वारा.
पराग दिसायला होता तसाच,
आत जीव नव्हता.
सोललेली कणसं सगळी बोळकी.
चाळीस नंबरची ओळ, जिचा दाणा झेंडूच्या रंगाचा,
जिच्यावर आमची सगळी भिस्त,
तिच्यात एक दात नाही.
आणि दोनशे बारा, कोपऱ्यातली, कुणी न विचारलेली,
सदतीस दाणे.
पांढरे. तांदळासारखे पांढरे.
ज्यात आहे ते तगत नाही,
जे तगतं त्यात नाही.

मोफज्जल तिन्हीसांजेला
ठिबकच्या नळीवर हात ठेवून चालायचा.
मला वाटलं, सवय.
एकदा म्हटलं, अरे, ही बघ पिशवी फाटलीय,
तर तो माझ्या खांद्यामागे कुठेतरी बघत राहिला.
कधीपासून?
रमजानच्या आधीपासून, मॅडम. सांगू नका. घरी पाठवतील.
कॅम्पातलं जेवण मी पाहिलंय,
भात, तळलेला कांदा, पुन्हा भात.

दवाखान्यातली नर्स कोट्टयमची.
डोळे तपासले, गोळ्या दिल्या, म्हणाली,
एवढंच ना, गोळीचं काम आहे.
सात वर्षं मी ती गोळी
मक्यात घालू बघतेय. काही बोलले नाही.
बाहेर पडताना मोफज्जलच म्हणाला,
गोळी संपते, दाणा परत पेरता येतो.
संकराचा दाणा परत पेरला तर
तसाच उगवत नाही, दरवर्षी नवा घ्यावा लागतो,
हे त्याला सांगायचं राहिलं.
राहिलं म्हणजे, मी राहू दिलं.

ऑक्टोबर. पाणी अजून खारटच, वारा मात्र फिरलाय.
दोनशे बारा आणि चाळीस शेजारी शेजारी पेरलेत,
चाळीस चार दिवस आधी, ती लाजाळू, उशिरा फुलते.
आज पिशव्यांवर नंबर मोफज्जलने घातले,
अंधार पडल्यावर, दिवा न लावता.
मी पेन्सिल हातात घेऊन नुसती उभी.
त्याच्या बंगाली आकड्यांतला दोन
माझ्या दोनसारखाच दिसतो.
एक वेगळा. एक मला वाचताच येईना.