पाणी अगदी शेवटी

पाणी लावायचं नाही.
हे आधी सांगते, कारण मी तेच केलं होतं:
नळाखाली धरली आणि सुटलेला रंग
च्युइंगम झाला, बोटांना, ब्रशला, बेसिनला.
डेटॉलमध्ये बुडवायची, डेटॉलमध्येच घासायची,
विसळायची तीही डेटॉलनंच.
पाणी अगदी शेवटी.

गाडी दादाची. वीतभरसुद्धा नाही.
भिलाईच्या कुणा रशियन साहेबानं मामांना दिलेली,
मामांनी त्याला.
परवा चंद्रपूरहून बुटांच्या खोक्यात आली,
एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती,
आत हेमराजदादाचं तिरकं अक्षर:
‘नातवानं चांदी फासली. खरवडून दे.
माझा हात आता थरथरते.’

मानेवाड्यात मे महिना. कूलर नुसता आवाज करतो.
आइस्क्रीमच्या डब्याला झाकण लावलं
तरी घरभर दवाखाना.
ह्यांनी झोपेतून विचारलं, कोणाला लागलं का?
कोणाला नाही, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी चांदी
उकडलेल्या टमाट्याच्या सालीसारखी सुटली.
दारांच्या फटी, वायपरच्या रेघा
दातकोरणीनं. सुई नको,
प्लॅस्टिकात टोक घुसलं की कायमचं.

चांदीखाली मरून.
मरून मला आठवतो. गड्डीगोदामच्या गॅरेजातून
कुणाच्या तरी फियाटचा उरलेला रंग
त्यानं फिनेलच्या बाटलीत आणला होता.
‘निळ्याचा कंटाळा आला,’ म्हणाला जेवताना,
आणि मी वरणात बघत राहिले.

कारण निळ्या बॉनेटवर मी,
वय वर्षं नऊ,
मावशीच्या गुलाबी नेलपॉलिशनं एक फूल काढलं होतं.
फूल कमी, डाग जास्त.
मग घाबरून मावशीचंच रिमूव्हर, कापसाचा बोळा.
फूल पुरतं गेलं नाही. बॉनेट गेलं.
प्लॅस्टिक विरघळलं, त्यात कापूस चिकटला,
चिंचोक्याएवढा खळगा.
गाडी भिंतीकडे तोंड करून फळीवर ठेवली
आणि आठ दिवस देवाला रोज वेगळं काहीतरी कबूल केलं.

कोणी काही बोललं नाही.
मग ती मरून झाली.
वाटलं, वाचले.
पंचेचाळीस वर्षं तसंच वाटत होतं.

आता मरूनही सुटतोय.
खाली निळा, छतावर, दारांवर, डिकीवर,
सगळीकडे.
बॉनेटवर नाही. तिथे राखाडी पुट्टी.
बोटानं दाबून भरलेली,
वाळू दिलेली, पॉलिश पेपरनं घासलेली,
पुन्हा भरलेली
(दोन छटा दिसतात, पहिली खचली असेल),
पुन्हा घासलेली,
इतकी, की डोळे मिटून बोट फिरवलं
तर कुठे सुरू होते कळत नाही.
तेव्हा तो पंधराचा. पेपर पाण्यात भिजवून घासतात
हे त्याला कोणी शिकवलं?
आणि आमच्या दोन खोल्यांत हे त्यानं
कधी केलं, कुठे बसून?

पुट्टीच्या कडेला एक गुलाबी कण.
एक धागा कापसाचा.

फोन लावला.
दादा, बॉनेटवर पुट्टी आहे. काढू का?
पलीकडे टीव्ही चालू होता. मग बंद झाला.
‘ब्रश कोणता हाय तुह्याजवळ?’
दातांचा. जुना.
‘कडक असन तो. लहान पोराचा घे. मऊ भेटते.’
आणि पुट्टी?
‘रंग कोणता देतं मग?’
तू सांग.
‘दे कोणताही,’ म्हणाला.
बराच वेळ काही नाही. मला वाटलं, कट झाला.
‘फक्त फूल-बिल नको काढू.’

फूल.
मी त्याला कधी सांगितलं नव्हतं
की ते फूल होतं.

ऊन उतरल्यावर चौकातल्या मेडिकलमधून
लहान मुलाचा ब्रश आणला. दांडीवर हत्ती आहे.
घासते आहे, पुट्टीच्या कडेनं,
कडेकडेनंच.