रकाना

रुवीतल्या पार्किंगमध्ये गुलाबी व्हॅन.
आत एसी, बाहेर ऑक्टोबरातही अडतीस.

मी विमा कंपनीत. दिवसभर
लोकांच्या गाड्यांचा धोका मोजते:
मॉडेल जुनं, ड्रायव्हर नवा, सलालाचा रस्ता.
स्वतःचा कधीच काढून टाकलेला –
दोन मुलं, दोघांना अंगावर पाजलंय,
आणि आमच्यात नाहीच कुणाला.

शेजारच्या टेबलावरची झुवैना म्हणते, अल्लाच्या हाती.
तरी पहिला नंबर तिनंच लावलाय.

रक्ताच्या नात्यात कुणाला?
‘नाही’च्या चौकोनावर पेन टेकवलं
आणि द्वारकामावशीचं ब्लाउज आठवलं,
चिपळूणला, परसातल्या दोरीवर,
इतर कपड्यांच्या आड वाळणारं.
डावीकडे आतून शिवलेला रुमाल, चौपदरी.
मला वाटायचं, पैसे असतील.
एकदा चाचपलं. नुसता कापूस.
आईनं हातावर फटका दिला.
मावशी पुढच्या चैत्रात गेली,
‘काविळीनं’.

शाईचा ठिपका पसरतोय.
नर्स माझं आडनाव चुकवत हाक मारते.
एक मिनिट, सिस्टर.

‘आई, मावशीला नक्की काय झालं होतं गं?’

पलीकडे
मिक्सर बंद होतो.