नाल्याजवळची बंडी

फोन लावला की आधी खोकला यायचा,
मग बाईचा आवाज, मग घंटी.
फुलवंताबाईला वाटलं, खोकते तो आपला खुशाल,
तिकडे हैदराबादेत.
‘पोट्ट्याची छाती भरली जी,’
दारोदार सांगत फिरली.
ऊन कलेपर्यंत गावभर झालं :
खुशालले झाला.

खुशाल तेव्हा चालत निघाला होता.

मोहफुलांचे दिवस.
टोपल्या झाडाखालीच टाकून
आम्ही नाल्याजवळ बंडी आडवी लावली,
वर बोरीच्या काट्या.
‘गावबंदी’ची वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ,
यावर मास्तर अन् सरपंच तासभर भांडले.
लोमेश कोंबड्या फुकट वाटत सुटला,
कोणी हात लावेना.
कापूर मात्र दुकानातून संपला.

अकराव्या दिवशी तो आला.
काट्यांपलीकडे उभा,
तुटकी चप्पल हातात.
‘घरी नाही येत,’ म्हणाला, ‘पानी तेवढं द्या.’
कोणी हललं नाही.
फुलवंताबाईला घरात कोंडलं होतं,
तिची हाक इथवर येत होती.

तेवढ्यात वारा सुटला,
बंडीवरची धूळ माझ्या घशात गेली
आणि मी खोकलो.

सगळे माझ्यापासून
दोन पावलं मागं सरले.

खुशालसुद्धा.