धुराचं काम

अझेमिनाच्या गॅरेजमध्ये
माझ्याकडे फक्त धूर होता.
इंजिन तिचं: सार्डिनच्या डब्यांचा पत्रा,
कोटाच्या बटणांची चाकं,
पोत्यांचे डोंगर, वर भुरभुरलेलं पीठ.
मी प्रत्येक फोटोआधी
मेंढीच्या लोकरीचा पुंजका
नखभर मागे ओढायचा, जरासा विस्कटायचा,
हात काढून घ्यायचा, श्वास धरायचा.
खट्.
पुन्हा नखभर.
एका सेकंदाला बारा वेळा धूर.
सकाळी बोगद्यात शिरलेली गाडी
दिवेलागणीला जेमतेम बाहेर यायची.

तुझ्लाच्या पलीकडचं आमचं खोरं,
रस्त्यावरून कोळशाचे ट्रक.
ट्रक गेला की टेबल थरथरायचं
आणि सिनेमातल्या गाडीला उचकी लागायची.
त्या उचक्या आम्ही तशाच ठेवल्या.
अझेमिना म्हणाली,
रूळ तरी कुठे सरळ होते?

तिचे वडील रिफेत दारात स्टूल टाकून बसायचे.
छत्तीस वर्षं त्यांनी इंजिनाच्या पोटात कोळसा घातला;
आता एका कानानं ऐकू येत नाही,
दुसऱ्यानं हवं तेवढंच.
"चढावरचा धूर असा नसतो," मला म्हणाले,
"चढावर तो काळा, जाड,
उधारी मागायला आलेल्या माणसासारखा दारातून हलत नाही.
उतारावर बघ, पांढरा.
आहे म्हटलं तर आहे."
मी लोकर बूटपॉलिशमध्ये बुडवली.
"आता जरा बरं."
त्या दिवसापासून मी फिकरेता राहिले नाही,
धुरवाली झाले.

आवाजाला पैसे नव्हते.
अझेमिनानं माईक बापासमोर धरला.
त्यांनी कवळी काढून खिशात ठेवली
आणि छातीतून इंजिन काढलं:
आधी एक लांब सुस्कारा,
मग दुसरा, मग जवळजवळचे,
मग मध्येच खोकला.
खोकला ठेवायचा की कापायचा
यावरून बापलेकीत दोन दिवस अबोला.
ठेवला.

शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या जाळीखाली
चादर ताणून पहिला खेळ केला.
एकवीस माणसं, एक कुत्रा.
गाडी खाणीतून निघाली, पूल ओलांडला,
शेवटच्या चढाला लागली
तोच रिफेत उठून उभे राहिले,
त्यांची सावली निम्म्या डोंगरावर.
"पाणी!" ओरडले, "पाणी कुठे घेतलं तिनं?
बॉयलर फुटेल, पोरी, थांबव तिला!"
कुणीतरी हसलं.
मागच्या रांगेतले दोन म्हातारे मात्र
गंभीरपणे माना हलवत होते:
खरंय. पाणी घेतलंच नाही.

त्याच रात्री दिवे पुन्हा लावले.
कॉफीच्या तांब्याच्या भांड्याची टाकी,
सायकलच्या व्हॉल्व्हची नळी तिची सोंड,
पाणी म्हणून चॉकलेटचा चकचकीत कागद.
अकरा सेकंद. एकशे बत्तीस फोटो.
त्यात काही घडत नाही.
गाडी उभी आहे.
बाहुला खाली उतरतो, विजारीला हात पुसतो,
इकडे बघतो, तिकडे बघतो,
एका बटणाला बोट लावतो,
गाईचा कान गरम आहे का बघावं तसं.
मला तेच सगळ्यात अवघड गेलं,
उभ्या गाडीचा धूर.
त्याला कुठे जायचं नसतं.
एकशे बत्तीस वेळा मी तो तिथेच ठेवला,
दर वेळी किंचित निराळा.

सिनेमा अकरा महोत्सवांना पाठवला.
एकाचंच पत्र आलं, मोठं सौजन्याचं:
आवडला, पण मध्ये तो थांबतो,
तेवढा भाग काढलात तर बघू.
अझेमिनानं ते दोनदा वाचून
स्टोव्हमध्ये घातलं.
रिफेतना काही सांगितलं नव्हतं.
ते अंगणात उभे होते, चिमणीकडे तोंड करून.
"कागद जाळताय," आत येऊन म्हणाले,
"रंगावरून कळतं,"
आणि माझ्याकडे बघून,
"तुझा याहून बरा होता."